सहा पंपांचे एकच पाणी

दुपारी साडेतीनच्या सुमारास इस्त्रीवाली बाई जिना चढून वर आली, तेव्हा तपासनीस खिडकीशी उभे राहून रस्ता न्याहाळीत होते आणि घड्याळजी त्यांच्या टेबलावर एक बंद पडलेले गजराचे घड्याळ उघडून बसले होते.

घड्याळजींचे दुकान त्याच इमारतीच्या तळमजल्यावर होते. गिऱ्हाईक नसले की ते वर येत आणि प्रत्येक चौकशीत तपासनिसांच्या बरोबरीने हिंडत. आपल्या सल्ल्यावाचून तपासनिसांचे पान हलत नाही अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती, आणि तपासनिसांनी ती कधी मोडली नव्हती.

बाईने खुर्ची नाकारली. उभ्यानेच ती म्हणाली, "परवा सुनावणी आहे. त्याआधी मी दगा दिला की नाही, ते शोधून द्या. दिला असेल तर तसंही सांगा. वस्तीनं तर ठरवूनच टाकलंय, मग मीही मानायला मोकळी."

तिची हकीकत अशी होती. वस्तीला लागून रंगाचा कारखाना होता व त्याचा नाला वस्तीच्या अंगावरून वाहत होता. वस्तीतल्या सहा हातपंपांचे पाणी दिवसेंदिवस पिवळट होत चालले होते. या बाईच्या नऊ वर्षांच्या मुलीचे हात कोपरापर्यंत सोलवटले होते, आणि तशी मुले घरोघर होती. तीन वर्षे अर्ज करून अखेर सुनावणी लागली. पाणी दूषित ठरले तर नाला बंद होणार होता. शुद्ध ठरले तर तक्रार कायमची निकालात निघणार होती आणि कारखान्याला दुसरी भट्टी उभारण्याची परवानगी मिळणार होती.

रविवारी पहाटे सहा पंपांचे पाणी सहा बाटल्यांत भरले गेले. सोमवारी बाटल्या सरकारी प्रयोगशाळेत पोहोचल्या. काल अहवाल आला. सहाही पंपांचे पाणी निर्मळ.

"रविवारची रात्रभर बाटल्यांचा खोका माझ्या घरात होता," बाई म्हणाली. "झाकणांवर सहीच्या कागदी पट्ट्या चिकटवलेल्या. त्या वाफेवर सुटतात, आणि वाफ तर माझ्या धंद्यातच आहे. त्यात माझा भाऊ गेल्या महिन्यात कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी म्हणून लागला. झालं, लोकांना दोनात दोन मिळवायला वेळ लागला नाही. काल सतरा घरांनी कपडे परत नेले, ओले होते ते ओलेच."

तिने कमरेच्या पिशवीतून प्रयोगशाळेचे सूचनापत्र काढून टेबलावर ठेवले. बाटली काठोकाठ भरावी, आत बुडबुडाही राहू देऊ नये, भरलेली बाटली थंड जागी ठेवावी, असे त्यात लिहिले होते. तपासनिसांनी ते दोनदा वाचले आणि पाणी भरताना पंपांवर कोणकोण होते, असे विचारले.

"मी, गुरुजी आणि रिक्षावाला. मी भरायची, रिक्षावाल्यानं नरसाळं धरायचं, गुरुजींनी बाटली उलटी करून बुडबुडा बघायचा. दोन बाटल्या त्यांनी मला परत भरायला लावल्या. चौथ्या माणसाला आम्ही पत्ता लागू दिला नव्हता. कारखान्याचे कान कुठं असतील सांगता येत नाही."

बाई गेल्यावर घड्याळजींनी दार लोटले आणि हलक्या आवाजात आपले मत दिले की, बाई स्वतःच दोषी असावी. निर्दोष माणूस खुर्चीवर बसतो.

"आपल्या खुर्चीचा एक पाय मोडलाय, घड्याळजी," तपासनीस म्हणाले. "तिनं तो आल्याआल्या पाहिला. चला, वस्तीत जाऊ."

वस्तीची शाळा म्हणजे दोन लांबट खोल्या होत्या. छपरावरचे पत्रे नवेकोरे चमकत होते. गुरुजी वस्तीच्या समितीचे अध्यक्ष. त्यांनी प्रश्नांची उत्तरे फळ्यावर लिहिल्यासारखी मोजून दिली. सहाही पट्ट्यांवर सही त्यांची होती. प्रयोगशाळेत पट्ट्या अखंड पोहोचल्या होत्या. रविवारी सकाळपासून खोका दवाखान्याच्या फ्रिजमध्ये होता, कारण वस्तीत दुसरा फ्रिज नव्हता. दिवसभर ते स्वतः आणि रिक्षावाला दवाखान्याच्या ओसरीवर बसून होते. रात्री तिथली वीज जाते, म्हणून संध्याकाळी खोका बर्फासह इस्त्रीवाल्या बाईकडे नेला.

"दिवसभरात आत कोण गेलं?"

"बाहेरचं चिटपाखरूदेखील नाही."

तपासनिसांनी वर पत्र्यांकडे पाहिले. गुरुजींचा चेहरा लाल झाला. पत्रे कारखान्याने दिले होते, हे त्यांनी न विचारताच सांगितले. मुले भिजत होती, म्हणून घेतले. पण त्यापायी त्यांची जीभ विकली गेलेली नाही. ते पुढे असेही म्हणाले की, पाणी दूषित ठरले की सगळे सुरळीत होते असे मानण्याइतके ते भोळे नाहीत. वीस वर्षांपूर्वी नाल्यापलीकडच्या वस्तीचे पाणी दूषित ठरले, तेव्हा कारखाना जागच्या जागी राहिला आणि वस्तीच उचलून टेकडीमागे नेऊन टाकली.

बाहेर पडल्यावर घड्याळजींनी मत बदलले. आता त्यांचा संशय गुरुजींवर होता. सही त्यांचीच, पट्ट्या त्यांच्याच, नव्या पट्ट्या करायला कितीसा वेळ लागतो?

"बाटल्या मात्र दिवसभर भिंतीआड होत्या, आणि गुरुजी ओसरीवर. त्यांच्याशेजारी दुसरा माणूसही होता. त्यालाच गाठू."

रिक्षावाला रिक्षेच्या मागच्या बाकावर पाय पसरून पडला होता. तो उठला नाही, फक्त पाय आखडून घेतले. कारखान्याच्या व्यवस्थापकाची दोन मुले रोज याच रिक्षेतून शाळेत जातात, ही बातमी तपासनिसांना पानाच्या टपरीवर मिळालीच होती. त्यांनी ती काढताच तो हसला.

"पोरं बसतात माझ्या रिक्षात. बापाचं पाप काय टायरला चिकटतं? आणि साहेब, पहिल्या नंबरचा पंप माझ्याच दारात आहे. माझी आई त्याचंच पाणी पिते. तिला विचारा, पोटाला बरं वाटतं का ते."

रविवारचा दिवस त्याला चांगला आठवत होता, कारण असा कंटाळवाणा दिवस त्याच्या वाट्याला कधी आला नव्हता. गुरुजींनी त्याला पेपरातला अग्रलेख मोठ्याने वाचून दाखवला, तोही दोनदा. आत कंपाउंडरचे रविवारचे काम चालू होते. टाकीत साठवलेल्या टँकरच्या पाण्याने पिंप भरायचे, त्यात क्लोरीनचे थेंब टाकायचे, मग चिमटे-कात्र्या उकळायच्या. भांड्याच्या झाकणाचा खडखड आवाज दुपारभर येत होता. त्या पिंपाची एक तोटी ओसरीवर काढलेली होती. ताज्या पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून गुरुजी त्याला तोंड लावीत नव्हते, हा मात्र दोन-तीन पेले प्याला होता.

"गुरुजी तर म्हणतात, आत कुणी नव्हतं," घड्याळजी ठसक्यात म्हणाले.

"बाहेरचं कुणी नव्हतं. कंपाउंडर म्हणजे काय बाहेरचा? तो दवाखान्यातल्या कपाटासारखाच."

वस्तीत कंपाउंडरविषयी वाईट बोलणारे माणूस सापडले नाही. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत. उरलेले पाच दिवस कंपाउंडरच दवाखाना होता. पन्नाशी उलटलेला, शिडशिडीत, हळू बोलणारा. सोललेल्या हातांना मलम लावण्यासाठी रोज संध्याकाळी मुलांची रांग लागे, आणि तो प्रत्येकाला नावाने हाक मारी.

ते पोहोचले तेव्हा रांग संपत आली होती. शेवटच्या मुलाच्या हातावर पट्टी बांधून झाल्यावर त्याने वळून पाहिले. घड्याळजींना चार दिवसांपासून खोकला होता. तपासनिसांनी प्रश्न विचारायच्या ऐवजी मित्राचा खोकला पुढे केला.

कंपाउंडरने घसा पाहिला, पिंपाच्या तोटीखाली मापाचे भांडे धरले, दोन बरण्यांतले अर्क त्यात मिसळले आणि बाटली भरून दिली. दिवसातून तीनदा, हलवून घ्यायचे, असे सांगितले. हात इतके सराईत की, पाहत राहावे. त्या हातांवर एक ओरखडाही नव्हता.

बोलता बोलता त्याने सांगितले की, खोका त्याला फ्रिजमध्ये दिसला होता. काय आहे असे त्याने विचारले नाही, गुरुजींनी सांगितले नाही. वस्तीत तो अठरा वर्षांपूर्वी आला. मूळचा नाल्यापलीकडचा.

"तिकडं आता काय आहे?" तपासनिसांनी विचारले.

"गोदाम. कारखान्याचं," कंपाउंडर म्हणाला, आणि बरण्यांची झाकणे लावू लागला.

बाहेर येताच घड्याळजींनी बाटली उजेडात धरली आणि नाराजीने मान हलवली. माणूस भला असेल, पण हात आखडता आहे. बाटली मानेपर्यंतसुद्धा भरली नव्हती. तपासनिसांनी बाटली त्यांच्याकडून घेतली, बराच वेळ पाहिली आणि परत दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे प्रयोगशाळेत गेले. पाणी तपासणारी बाई तरुण होती, आणि आपल्या कामावर कुणी शंका घेतलेली तिला खपण्यासारखी नव्हती. तिने नोंदवही त्यांच्यापुढे सरकवली. सहा ओळी होत्या. रंग नाही, वास नाही, जड धातू नाहीत. पाण्याची कठीणता सहाही ओळींत आकड्याला आकडा जुळणारी. प्रत्येक ओळीच्या टोकाला क्लोरीनचा अंश मिळाल्याची नोंद होती.

"जमिनीतल्या पाण्यात क्लोरीन?" तपासनिसांनी विचारले.

बाई थबकली. नळाच्या पाण्याच्या अहवालात क्लोरीन रोजच पाहत असल्याने ते तिला खटकले नव्हते. ती कबूल करून म्हणाली की, पंपाच्या पाण्यात ते असण्याचे कारण नाही. शिवाय क्लोरीन फार टिकत नाही. उघड्या भांड्यातून दिवसा-दोन दिवसांत उडून जाते.

तपासनिसांनी बोटाने आणखी एक रकाना दाखवला. त्यात सहा वेळा लिहिले होते: पातळी मानेखाली दोन बोटे.

"बाटल्या आल्या तशा मी लिहिते," बाई म्हणाली. "या मात्र बऱ्या होत्या. तपासण्याआधी हलवाव्या लागतात ना, नाहीतर काठोकाठ भरलेल्या हलता हलत नाहीत."

"गळल्या असतील?"

"झाकणं घट्ट होती, बाटली उलटी करूनही थेंब गळला नाही. आणि सहाच्या सहा सारख्याच कशा गळतील?"

परतीच्या वाटेवर घड्याळजींच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चोर म्हणजे इस्त्रीवाल्या बाईचा पहारेकरी भाऊ. कारखान्यात नळ असणार, नळात क्लोरीन असणार. तपासनिसांनी त्यांना शांतपणे विचारले की, रविवारी रात्री भाऊ कुठे होता. घड्याळजींनी ते विचारलेच नव्हते. तपासनिसांनी विचारले होते. भाऊ त्या रात्री फाटकावर पाळीला होता, पाळीच्या वहीत दर तासाला त्याची सही होती.

वस्तीत शिरताना तपासनिसांनी इस्त्रीवाल्या बाईला एवढेच विचारले की, त्या रविवारच्या आधी पाण्याचा टँकर कधी आला होता. बुधवारी, ती म्हणाली. त्यानंतर आलेला नाही. घरोघरची पिंपे उघडीच असतात.

संध्याकाळी पाच वाजता शाळेच्या खोलीत समिती जमली. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसे गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. इस्त्रीवाली बाई दाराशी एकटी. तिच्या बाकावर आणखी तिघांची जागा होती, पण कुणी बसले नव्हते. कंपाउंडरला तपासनिसांनी मुद्दाम बोलावून घेतले होते.

तपासनीस फळ्याशी उभे राहिले.

"बाटल्यांतलं पाणी बदललं गेलं, याविषयी शंका नको. सहा पंपांचं पाणी आकड्याला आकडा जुळेल असं सारखं नसतं. सहाही बाटल्यांत एकाच भांड्यातलं पाणी आहे. त्यात क्लोरीन आहे, म्हणजे ते ताजं औषध टाकलेलं पाणी आहे. टँकर बुधवारी आला. घरांतल्या उघड्या पिंपांतलं क्लोरीन शुक्रवारीच उडून गेलेलं. रविवारी या वस्तीत ताजं क्लोरीन एकाच ठिकाणी होतं. दवाखान्याच्या पिंपात."

खोलीत कुजबुज झाली. रिक्षावाला उभा राहून म्हणाला की, त्या पिंपाची तोटी ओसरीवर आहे, आणि तो स्वतः ते पाणी प्याला होता. तेव्हा साहेबांनी हवे ते म्हणावे, पण सरळ म्हणावे.

"बसा. तेच सांगतो. तोटीमुळं पाणी तुम्हालाही मिळत होतं, गुरुजींनाही. संध्याकाळी खोका न्यायला आलेल्या बाईलाही तांब्याभर नेता आलं असतं. पाण्यावरून माणूस ठरत नाही. माणूस ठरतो बाटलीतल्या मोकळ्या जागेवरून."

त्यांनी सूचनापत्र वाचून दाखवले. बाटली काठोकाठ भरावी.

"पंपांवर तिघे होते. एकीनं भरली, एकानं नरसाळं धरलं, एकानं उलटी करून बुडबुडा पाहिला. बाटली काठोकाठ भरायची हे या तिघांच्या अंगात भिनलं होतं. त्यांच्यापैकी कुणी पाणी बदललं असतं, तर संशय येऊ नये म्हणून ती पुन्हा काठोकाठच भरली असती. पण प्रयोगशाळेत आलेल्या सहाही बाटल्या मानेखाली दोन बोटे रिकाम्या होत्या. म्हणजे बदलणाऱ्याला ही सूचना माहीतच नव्हती. तो पंपांवर नव्हता. पट्ट्या वाफेवर सोडवून बाटल्या उघडल्या, तेव्हा त्या काठोकाठ भरलेल्या त्यानं पाहिल्या असणार. तरी भरताना हातानं हाताची सवयच केली. आयुष्यभर औषधाच्या बाटल्या भरणारा हात. मिश्रणाची बाटली हलवून घ्यायची असते, म्हणून वर जागा सोडणारा हात. असा हात वस्तीत एकच आहे. आणि रविवारी दुपारभर फ्रिजच्या खोलीत वाफ त्याच्याच भांड्यातून निघत होती."

घड्याळजींचा हात नकळत खिशातल्या बाटलीकडे गेला.

सगळ्यांनी वळून कंपाउंडरकडे पाहिले. त्याने नाकबूल केले नाही. बाकाच्या कडेवर दोन्ही हात सरळ ठेवून तो बसून राहिला. मग बोलू लागला, तेही नेहमीसारखेच हळू.

त्याने कारखान्याकडून काही घेतले नव्हते. नाल्यापलीकडे त्याची वस्ती होती. तिथेही लोकांनी असेच पाणी भरले, असाच अहवाल मागवला, आणि अहवाल लोकांच्या बाजूने आला. राहण्यास अयोग्य असा शिक्का बसला. पंधरा दिवसांत ट्रक आले. टेकडीमागे ना काम होते, ना दवाखाना. दुसऱ्या वर्षी त्याची बायको बाळंतपणात गेली, गाडी मिळेपर्यंत. त्यांच्या घरांच्या जागेवर कारखान्याचे गोदाम उभे राहिले.

"खोका पाहिला आणि मला परत ते ट्रक दिसले," तो म्हणाला. "वाटलं, मलम लावत कसंतरी जगतील. इथं तरी राहतील. संशय बाईंवर जाईल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं."

"आणि आल्यावर?" इस्त्रीवाल्या बाईने विचारले. ती दाराशी उठून उभी राहिली होती. "परवा दिवसभर कपडे परत नेत होते लोक. तुमच्या दारावरून नेत होते. तेव्हा डोक्यात आलं असेल ना?"

कंपाउंडरने होकारार्थी मान हलवली.

"रोज संध्याकाळी माझी पोर तुमच्यापुढं हात करते. तुम्ही मलम लावता आणि घरी पाठवता, त्याच पंपावर. तुम्ही कुठलं पाणी पिता, कंपाउंडरकाका?"

बाकाच्या कडेवरच्या त्याच्या हातांवर एक ओरखडाही नव्हता. सर्वांना उत्तर ठाऊक होते.

गुरुजी सावकाश म्हणाले की, मूळ पाणी गेले, सुनावणी उद्या सकाळी, आणि अहवाल कारखान्याच्या बाजूचा. तो रद्द करवायला एकच माणूस उपयोगी पडेल. त्या माणसाला हे सारे अधिकाऱ्यापुढे बोलावे लागेल, आणि त्याची नोकरी राहणार नाही.

"बोलेन," कंपाउंडर म्हणाला. "पण ट्रक आले तर?"

सुनावणी दहा वाजता सुरू झाली. लांब टेबल, तीन पंखे, भिंतीलगत खुर्च्या. कारखान्याच्या वकिलाने अहवालाची प्रत नीट घडी करून समोर ठेवली होती. कंपाउंडर उभा राहिला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे सांगून मोकळा झाला. तपासणाऱ्या बाईने नोंदवहीतले आकडे वाचून दाखवले. वकिलाने दोनदा विचारले की, हे बोलण्यासाठी त्याच्यावर वस्तीने दडपण आणले का. कंपाउंडर म्हणाला, दडपण आले ते बाटल्या उघडताना आले होते, आज नाही.

अधिकाऱ्याने अहवाल बाजूला सारला. प्रयोगशाळेची माणसे स्वतः येऊन पाणी भरतील, बाटल्या थेट सोबत नेतील, तोवर दुसऱ्या भट्टीची परवानगी स्थगित, असे त्याने लिहून घेतले. कंपाउंडरवर वेगळी कारवाई होईल, हेही त्याने सांगितले. मग तक्रारदारांना आणखी काही म्हणायचे आहे का, असे विचारले.

आपला तपास काल संध्याकाळीच पूर्ण झाला, असे घड्याळजींना वाटत होते. म्हणून गुरुजींनी पिशवीतून एक नवा कागद काढला तेव्हा ते चकित झाले. शाळेतली सभा संपल्यावर इस्त्रीवाल्या बाईने तो गुरुजींकडून लिहवून घेतला होता. त्यात एकच मागणी होती. पाणी दूषित ठरल्यास नाला हलवावा, भट्टी हलवावी. राहत्या माणसांना हलवण्याचा उपाय तक्रारदारांना मान्य नाही, आणि तो तक्रारदारांच्या नावावर कधीही करू नये.

वकिलाने हरकत घेतली. अधिकाऱ्याने कागद दोनदा वाचला आणि म्हणाला की, मागणी नोंदवता येईल, पण तिच्यावर तक्रारदारांच्या सह्या हव्यात.

बाईने पहिली सही केली. मग गुरुजी, मग रिक्षावाला, मग भिंतीलगतचे एकेक जण. कागद टेबलाच्या टोकाला आला. कंपाउंडर तिथे उभा होता. अठरा वर्षांत वस्तीच्या एकाही अर्जावर त्याची सही नव्हती. तो बाजूला सरकू लागला.

बाईने कागद फिरवून त्याच्यापुढे केला. तिच्या चेहऱ्यावर क्षमा नव्हती, आणि घड्याळजींना ती दिसली असे म्हणणे खोटे ठरेल. तिने रिकाम्या ओळीवर बोट टेकवले.

"इथं," ती म्हणाली. "पूर्ण नाव लिहा."